सातपुत्यांनी डोळ्यांनी पाहिलेली रीत

डॉ. भैय्याजी सातपुते एकसष्ट वर्षांचे झाले म्हणून त्यांचा गौरवग्रंथ निघतो आहे. 'मला दिसलेले भैय्याजी' असा एक लेख मी द्यावा, असं पत्र परवा आलं. पत्राखाली सही दुसऱ्या कोणाची तरी आहे, मजकूर भैय्याजींचा आहे. स्वतः लिहिलेलं दुसऱ्याच्या नावावर खपवण्याची ही त्यांची पहिलीच वेळ असावी. एरवी सगळा कारभार उलटा होता.

लेख मी लिहितो आहे. ते तो छापणार नाहीत, हेही मला ठाऊक आहे. पण विदर्भ लोकाचार मंडळाच्या धंतोलीतल्या दोन खोल्यांत मी अठ्ठावीस वर्षं काढली. कारकून मीच, मुद्रितं तपासणारा मीच, पुस्तकांवरची धूळ झटकणाराही मीच. भैय्याजी मंडळाचे कार्यवाह आणि 'लोकाचार' त्रैमासिकाचे संपादक. एवढ्या वर्षांत ते मला जसे दिसले तसे कोणाला दिसले नसतील.

भैय्याजी मूळचे कळमेश्वरचे. शाळेत त्यांना सुंदर हस्ताक्षराचं बक्षीस मिळालं होतं. ही गोष्ट ते दर वर्षी कुठल्या ना कुठल्या स्नेहसंमेलनात सांगत. ज्या निबंधाला बक्षीस मिळालं तो कोणाचा होता, असं मी एकदा सहज विचारलं. जराही न लाजता म्हणाले, "निबंधाले कोण पाह्यते गा, देवराव? अक्षर पाह्यतेत." पुढची सगळी विद्वत्ता त्यांनी याच एका वाक्यावर उभी केली. त्यांच्या पीएच.डी.च्या प्रबंधाबद्दल मी बोलणार नाही, कारण मी तो वाचलेला नाही. त्यांनी तो वाचला होता असं म्हणणारा माणूसही मला अजून भेटलेला नाही.

रोज चारच्या सुमारास त्यांची लँब्रेटा स्कूटर फाटकात शिरे. तोंडात पान, बगलेत कुठलंसं जाडजूड पुस्तक. तेच पुस्तक मी पाच वर्षं त्यांच्या बगलेत पाहिलं. आवाज मात्र असा की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस काहीतरी जाणतो. नागपुरात माणसाला मोठा आवाज आणि स्वतःची खुर्ची असली की लोक पुढची चौकशी करत नाहीत.

आमच्या त्रैमासिकाकडे लेख येत ते शाळामास्तरांचे, तलाठ्यांचे, एखाद्या परिचारिकेचे. रविवारी पायपीट करून, म्हाताऱ्यांना बोलतं करून, पेन्सिलीनं लिहून मग शाईनं उतरवलेले. मी त्यांची आवक नोंदवायचो आणि भैय्याजी ते 'अभिप्रायासाठी' आपल्या लोखंडी कपाटात ठेवायचे. वर्ष जायचं, दोन वर्षं जायची. मग लेखकाला कार्ड जायचं, 'आपला लेख अभ्यासपूर्ण आहे, तथापि...' त्या तथापिचा मला आजही तिटकारा आहे. आणि पुढच्या एखाद्या दिवाळी अंकात भैय्याजींना नेमका त्याच विषयावर साक्षात्कार व्हायचा. कुंपणानंच शेत खाल्लं तर दाद मागायची कोणाकडे?

मौद्याचे एक रुपराव मास्तर होते. कन्हान नदीवरचे ढीवर जाळी कशी विणतात, कुठल्या महिन्यात कुठलं जाळं टाकतात, यावर त्यांनी चांगली चाळीस पानं लिहिली होती. ती भैय्याजींच्या नावावर निघाली. रुपराव तो अंक घेऊन आले. भैय्याजींनी उठून त्यांना खुर्ची दिली, आलुबोंडे मागवले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "रुपराव, तुमचा अन् माझा विचार किती जुळते, पाहा!" मास्तरांनी आलुबोंडा खाल्ला, चहा प्याले, आणि चक्क आभार मानून एस.टी. पकडायला गेले. पुन्हा त्यांचा लेख कधी आला नाही. त्या दिवशी मला भैय्याजींचा राग आला, पण रुपरावांचा जास्त आला. माझा स्वतःचा यायला हवा होता, तो यायला आणखी काही वर्षं लागली.

वच्छला हेडाऊ आमच्याकडे आली ती १९७० सालच्या मे महिन्यात. इतवारीतल्या एका मुलींच्या शाळेत शिकवायची. घर खाप्याचं, कोष्ट्याचं. आई लहानपणी गेली, मामीनं वाढवलं. ती मामी, भीमाबाई, अजून खाप्याला माग चालवत होती. वच्छलानं सहा वर्षं सुट्टीच्या दिवशी मामीच्या मागाशी बसून बायांच्या रीती लिहून घेतल्या होत्या. नव्या मागाची पूजा कशी करतात, बाळंतिणीनं विणायच्या धोट्याला कधी हात लावायचा, नवरा वारला तर मागावरची अर्धी साडी कोणी पुरी करायची. असं सगळं, बाई सांगेल त्या शब्दांत, सांगणाऱ्या बाईचं नाव घालून. मी ते एका बैठकीत वाचलं. मंडळाच्या कपाटात त्याच्या तोडीचं दुसरं काही नव्हतं, भैय्याजींचं तर नव्हतंच.

तिची मागणी एवढीच होती की हे तिच्या नावानं छापून यावं. पैसे नकोत, सत्कार नको. मामी अडाणी होती, पण पोरगी शहरात काय लिहिते ते पुस्तक एकदा हातात घेऊन पाहायचं, असं तिनं ठरवून ठेवलं होतं.

मी दाराकडे पाहून घेतलं आणि तिला रुपरावांची गोष्ट सांगितली. तिनं ती ऐकून घेतली. मग म्हणाली, "दुसऱ्या कोण्या मासिकाकडं देऊ काय?"

"दुसरं कोण छापेल हे? इथंच द्यावं लागेल."

आठ दिवसांनी ती परत आली. लेखात एक पान वाढलेलं होतं. सत्तेचाळिसावं. तिनं ते माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "देवरावजी, या पानावर एक झूठ टाकलं."

पानावर लिहिलं होतं: लेक सासरी गेली की घरचा माग पाच दिवस बंद ठेवतात. सहाव्या दिवशी पहाटे आई मागाच्या खड्ड्यात, ताण्याच्या बरोबर खाली, जवसाच्या तेलाचा दिवा लावते आणि धोट्याला दूधभात दाखवते. मग माग सुरू होतो.

मला त्यात काही वावगं दिसलं नाही. वाचायला तर गोडच वाटलं. ती हसली. "कोष्ट्याच्या घरचं शेंबडं पोरगंही हसंन यावर. खड्ड्यात पाय सोडून आम्ही विणतो जी, वरतून सुताचा ताणा गेलेला असते, गुडघ्याएवढा उंच. त्याच्याखाली दिवा? आमच्या घरी बिडी पिणाऱ्याले मागाच्या खोलीत येऊ देत नाहीत. अन् पाच दिवस माग बंद ठेवला तर खायचं काय?"

हे पान मी मनानं रचलं आहे, असं तिनं एका कागदावर लिहिलं, पाकिटात घालून लाख लावली आणि रजिस्टर पोस्टानं माझ्या नावावर टाकलं. १२ जून १९७०चा शिक्का. मी ते न फोडता माझ्या पेटीत ठेवलं. मला वाटलं, आता हा बोका शिंक्यावर सापडणार.

तीन वर्षं कपाट गप्प होतं. मग तिला तथापिचं कार्ड गेलं. आणि १९७३च्या दिवाळी अंकात 'खाप्याच्या विणकर स्त्रियांचे लोकाचार' हा बावन्न पानांचा लेख आला, लेखक डॉ. भैय्याजी सातपुते. वच्छलानं जिथं जिथं बायांची नावं दिली होती तिथून ती गाळलेली होती. भीमाबाई, प्रयागबाई, तुळसाबाई ही नावं भैय्याजींना संशोधनाच्या दर्जाला शोभणारी वाटली नसावीत. बाकी सगळं तसंच होतं. फक्त सत्तेचाळिसाव्या पानावर त्यांनी स्वतःची भर घातली होती: 'सन १९६८च्या वैशाखात, पहाटेच्या प्रहरी, हा हृद्य विधी प्रस्तुत लेखकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. खड्ड्यातील त्या मंद ज्योतीच्या प्रकाशात मातेच्या गालांवरील अश्रू चमकत होते.'

ते अश्रू भैय्याजींचे स्वतःचे, एवढं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. बावन्न पानांत त्यांचं मूळ संशोधन ते तेवढंच. लेखाची मुद्रितं मीच तपासली. अश्रूंच्या ओळीत एक अनुस्वार राहिला होता, तो मी घातला.

वच्छलानं लेखी तक्रार दिली. मंडळात तसं कधी झालं नव्हतं, त्यामुळे चौकशी समिती नेमावी लागली. समितीत दोघं. अध्यक्ष मनोहरराव, हे निवृत्त मुख्याध्यापक. भांडण दिसलं की दोन्ही पोरांना बाकावर उभं करायचं, हा त्यांचा न्याय. आणि ताराचंद शेठ, इतवारीतले कागदाचे व्यापारी, त्रैमासिकाला कागद द्यायचे म्हणून आजीव सभासद. त्यांनी अंक कधी उघडला नसेल, पण वजन बरोबर सांगितलं असतं. मी लिहून घ्यायला.

जानेवारीत समिती बसली. मी पाकीट टेबलावर ठेवलं. मनोहररावांनी शिक्का पाहिला, लाख फोडली, कागद मोठ्यानं वाचला. मी भैय्याजींकडे पाहत होतो. माणूस घाबरेल, घाम पुसेल, पाणी मागेल, असं मला वाटलं होतं. त्यांनी पान खिडकीबाहेर थुंकलं आणि उभे राहिले.

"बाई म्हणतात की ही रीत त्यांनी मनानं रचली. मी म्हणतो, रचली नाही, आठवली! लहानपणी पाहिलेलं मनाच्या तळाशी राहते, मग माणसाले वाटते आपणच रचलं. बाई शहरात राहिल्या, आपल्याच लोकांच्या रीती विसरल्या. मी तर डोळ्यांनी पाहिली आहे. जा खाप्याले अन् विचारा! रीत नसली तर मी चोर. पण रीत असली तर?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. पण ताराचंद शेठनी मान डोलवली. "बात तो सही आहे, भाऊ." आणि मनोहररावांनी ठरवलं की समिती खाप्याला जाईल. वच्छलाच्या लेखात पहिली माहिती देणारी बाई म्हणून भीमाबाईचं नाव होतं, तेव्हा तिलाच विचारायचं. त्याआधी दोन्ही पक्षांनी साक्षीदाराशी बोलायचं नाही, भेटायचं नाही, पत्र टाकायचं नाही.

वच्छलाला यात काही काळजी वाटली नाही. "मामी तर पोट धरून हसंन," ती मला म्हणाली. आणि सांगितलं तसं ती वागली. महिनाभर खाप्याला फिरकली नाही.

भीमाबाईला कळवण्याचं कार्ड मी लिहिलं: 'श्रीमती वच्छला हेडाऊ यांनी आपल्या लेखात वर्णिलेल्या प्रथेची सत्यासत्यता पडताळण्याकरिता मंडळाची समिती येत आहे. कृपया उपस्थित राहावे.' मनोहररावांनी मसुदा पाहून शाबासकी दिली. सत्यासत्यता हा शब्द मलाही आवडला होता. ते कार्ड ज्या घरी जाणार तिथं ते कोण वाचणार आणि काय समजणार, हा विचार तीन शिकल्यासवरल्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही निघालो. ताराचंद शेठची अँबॅसेडर. पुढे ड्रायव्हरशेजारी भैय्याजी, मागे समिती आणि मी. ज्याची चौकशी तोच गाडीत पुढे बसलेला, आणि तक्रार करणारी सकाळच्या एस.टी.नं उभी राहून आलेली. वाटेत पाटणसावंगीला भैय्याजींनी सगळ्यांना चहा पाजला. समितीनं तो घेतला. मीही घेतला.

भीमाबाईचं अंगण शेणानं सारवलेलं होतं, दोन बाजा टाकलेल्या, त्यावर धुतलेल्या चादरी. आळीतली पंधरावीस माणसं भिंतीशी उभी. भीमाबाई साठीची, किडकिडीत, डोईवर पदर. तिनं आम्हाला वाकून नमस्कार केला आणि मग दाराशी उभ्या असलेल्या वच्छलाकडे पाहिलं. पोरगी महिनाभरात आली नव्हती. आता आली तरी मामीशी बोलत नव्हती, कारण समितीनं तसं बजावलं होतं. भीमाबाईच्या तोंडावर काळजी स्पष्ट दिसत होती.

मनोहररावांनी खिशातून कागद काढून सत्तेचाळिसावं पान वाचलं. शाळेत उतारा वाचतात तसं. "तर बाई, लेक सासरी गेल्यावर असा विधी तुमच्यात करतात काय?"

भिंतीशी उभा एक विणकर हसायला लागला होता. शेजारच्यानं त्याला कोपरानं ढोसलं. तो गप्प झाला. भीमाबाईनं एकदा वच्छलाकडे पाहिलं, मग मनोहररावांच्या हातातल्या कागदाकडे.

"हाव जी," ती म्हणाली. "करतो ना."

वच्छलानं झटकन मान वर केली.

"पाच दिवस माग बंद?"

"हाव जी. पाच दिवस."

"आणि दिवा?"

"लावतो जी. खड्ड्यात."

मला राहवलं नाही. "भीमाबाई, ताण्याखाली? सूत नाही पेटत?"

"देवाचा दिवा आहे जी," ती म्हणाली. "देवाचा दिवा कायले जाळंन?"

"वा!" भैय्याजी बाजेवरून उठलेच. "लिहून घ्या, देवराव! देवाचा दिवा जाळत नाही! काय श्रद्धा आहे!" पुढे त्यांनी या लेखाचं पुस्तक काढलं, त्यात हे वाक्य घातलं, स्वतःच्या चिंतनातून सुचल्यासारखं. मनोहररावांनी मला बजावलं की टिपण घेणाऱ्यानं प्रश्न विचारायचे नसतात. मी मान खाली घातली आणि लिहायला लागलो.

मनोहररावांनी भैय्याजींकडे बोट दाखवून विचारलं, या साहेबांना पूर्वी इथं पाहिलं होतं का. भीमाबाई गोंधळली. "सायेब लोक येतेत जी. सारेच चांगले असतेत, तोंड कोणाकोणाचं ध्यानात ठेवू?" तेवढ्यावर ते समाधान पावले. ताराचंद शेठना मात्र हौस आली. "दिखाओ तो, बाई. कसा लावता?"

आम्ही मागाच्या खोलीत गेलो. मागावर हिरवी साडी अर्धी झालेली होती, लाल काठाची. भीमाबाईनं पणतीत तेल घातलं, वात लावली, आणि खड्ड्यात उतरली. पणती ताण्याखाली ठेवताना तिचा हात क्षणभर थांबला. मग तिनं ती ठेवली.

आळीतली माणसं दारात दाटली होती. दिव्याचा धूर सरळ सुतात गेला. आधी काळी रेघ उठली, मग वास आला, मग एक तार तुटली. तिच्या पाठोपाठ दुसरी, तिसरी. एका म्हाताऱ्या विणकरानं तोंड फिरवलं. भीमाबाई खड्ड्यात हात जोडून उभी होती आणि समितीकडे पाहत होती, पाढा बरोबर म्हणून दाखवलेल्या पोरीसारखी.

वच्छला पुढे झाली, वाकली आणि वात बोटांनी चिमटून विझवली. "पुरे, मामी."

"श्रीमती हेडाऊ," मनोहरराव म्हणाले, "आपल्याला काही म्हणायचं आहे?"

एवढंच म्हणायचं होतं की ही खोटं बोलते आहे. एक वाक्य. मी पेन्सिल धरून वाट पाहत होतो. भीमाबाई खड्ड्यातून वर तोंड करून तिच्याकडे पाहत होती.

"नाही," वच्छला म्हणाली.

आठ दिवसांत अहवाल आला. म्हणजे मीच लिहिला, मनोहररावांनी सांगितला तसा. डॉ. सातपुते यांचे निरीक्षण स्वतंत्र व अस्सल आहे. श्रीमती हेडाऊ यांनी खऱ्या प्रथेला हेतुपुरस्सर खोटे ठरवून संपादकांची दिशाभूल करण्याचा प्रयत्न केला, सबब त्यांचे लेखन यापुढे स्वीकारू नये. ताराचंद शेठनी सही करताना मला समजावलं, "बुड्ढी बाई आपलं सूत कायले जाळंल, भाऊ, झूठ असतं तर?" त्या समितीत अक्कल वापरलेला माणूस तेवढा एकच, आणि तीही अशी वापरलेली.

एवढ्यावर थांबले असते तर ते भैय्याजी कसले! वाङ्मयचौर्याला मंडळात पुन्हा वाव राहू नये म्हणून नियम करायची सूचना त्यांनीच मांडली, आणि नियम करायला तेच बसले. पहिला नियम असा की प्रत्येक अभ्यासकानं लेखाबरोबर आपल्या मूळ टिपणवह्याही संपादकांकडे जमा कराव्यात. म्हणजे पूर्वी चोराला नुसता लेख मिळायचा, आता वह्याही घरपोच. नियमांच्या शंभर प्रती मी सायक्लोस्टाइल करून गावोगाव पाठवल्या. पोटाचा प्रश्न होता, असं मी तेव्हा स्वतःला सांगत असे. पोट रुपराव मास्तरांनाही होतं, मग त्यांच्यावर रागवायचा मला काय अधिकार? भैय्याजी निदान स्वतःसाठी चोरत होते. मी फुकटात हमाली केली.

वच्छला मला भेटली ती तिच्या शाळेच्या फाटकाशी. मी विचारलं, "काहून नाही बोलल्या तुम्ही?"

"काय बोलू? चार मोठ्या माणसांसमोर, साऱ्या आळीसमोर मामीले खोटी म्हणू?" तिचा आवाज चढला होता. "तुमचं कार्ड आलं ना, ते नत्थू पोस्टमननं वाचून दाखवलं. म्हणे, सायेब येऊन राहिले, वच्छीनं लिहिलं ते खरं का खोटं पाह्याले, खोटं निघालं तर पोरीची इज्जत गेली. साऱ्या आळीनं बसून ठरवलं की हाव म्हणायचं. काहीही विचारू द्या, हाव म्हणायचं." ती थोडं थांबली. "तिनं सूत जाळलं जी. मीठभाकर खाईन, पण सुताले धक्का लागू देणार नाही, अशी बाई आहे ती. मले वाचवाले जाळलं तिनं."

माझा सत्यासत्यता हा शब्द तिच्या तोंडून असा उलगडल्यावर फार नागडा वाटला.

मे महिन्यात तिचं कार्ड आलं. लेख परत हवा होता, आणि तो दिवाळी अंकही पाठवा म्हणून लिहिलं होतं. पोस्टानं पाठवायची मला लाज वाटली. मी दोन्ही पिशवीत घालून खाप्याला गेलो. सुट्टी असल्यामुळे वच्छला तिथंच होती, सुताच्या कांड्या भरत बसली होती. मागावर दुसरी साडी लागली होती.

भीमाबाईनं मला ओळखलं आणि लगबगीनं पाणी आणलं. बाजेवर बसवलं, पंखा हातात दिला, आणि बसायच्या आधीच विचारलं, "झालं का जी वच्छीचं काम? म्या बराबर सांगतलं ना सायबायले?"

मी पाण्याच्या गडव्यात पाहत राहिलो. वच्छलानं कांडी खाली ठेवली.

"हाव, मामी. बराबर सांगतलं. तुह्याचमुळं झालं."

"मंग पुस्तक निघालं?"

वच्छलानं माझ्या पिशवीत हात घालून दिवाळी अंक काढला, बावन्न पानांचा तो लेख उघडला आणि मामीच्या हातात दिला. मी बोलायला तोंड उघडलं, तिनं माझ्याकडे पाहिलं, मी ते मिटलं. भीमाबाईनं हात लुगड्याला पुसले, अंक कपाळाला लावला. मग डोळ्यांजवळ नेऊन सगळ्यात मोठ्या अक्षरांवर बोट ठेवलं.

"हे तुहं नाव आहे?"

"हाव."

भीमाबाईनं त्या ओळीवरून हळूहळू बोट फिरवलं. डॉ. भैय्याजी सातपुते, एम.ए., बी.टी., पीएच.डी., साहित्यविशारद. शेवटच्या अक्षरापर्यंत गेली, पुन्हा पहिल्यापासून आली. तिचे डोळे भरून आले होते.

"केवढं मोठं नाव झालं वं तुहं, वच्छे," ती म्हणाली.

"शिकली ना मी, मामी," वच्छला म्हणाली, आणि पुन्हा कांडी भरायला बसली.